नजरेआडचा जोडीदार

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. दोनचं वर्गमूळ काढा आणि त्यात एक मिळवा. पडद्यावर २.४१४२१३५६ असा काहीसा आकडा येईल. त्याच्या दशांशांना अंत नाही आणि ते ठरावीक क्रमाने पुन्हा येतही नाहीत; दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून ही संख्या कधीच लिहिता यायची नाही. आता तिला तिनेच गुणत चला. वर्ग येतो ५.८२८, घन १४.०७१, चौथा घात ३३.९७१, पाचवा ८२.०१२, सहावा १९७.९९५. धीर धरून दहाव्या घातापर्यंत गेलात तर ६७२५.९९९८५.

काहीतरी चाललंय हे लगेच लक्षात येतं. ही संख्या कधी पूर्णांकाच्या किंचित पुढे पडते, कधी किंचित मागे, आणि दर पावलागणिक त्याच्या जास्त जवळ सरकते. वर्तुळाच्या पायचे घात असेच घेऊन बघा, ते हवे तिथे पडतात. मग या एवढ्या अनियमित संख्येला पूर्णांकांची ओढ कशाने लागली?

कारण ती एकटी नाही. तिला एक जोडीदार आहे आणि तो पडद्यावर आलेलाच नाही. आपण घेतली ती संख्या ‘एक अधिक दोनचं वर्गमूळ’. तिची जोड म्हणजे ‘एक उणे दोनचं वर्गमूळ’, किंमत उणे ०.४१४. ही जोडीदार संख्या एकपेक्षा लहान, म्हणून तिचे घात झपाट्याने लहान होत जातात, आणि उणे असल्यामुळे ते आलटून पालटून धन आणि ऋण येतात. तिचा तिसरा घात उणे ०.०७१. तो आपल्या १४.०७१ मध्ये मिळवा: नेमके १४. तिचा चौथा घात अधिक ०.०२९. तो ३३.९७१ मध्ये मिळवा: नेमके ३४. दहाव्या घाताला जे ०.०००१५ कमी पडत होतं, तेवढंच जोडीदाराकडे आहे.

असं का व्हावं, हे घन सोडवून बघितलं की समोर येतं. (१ + √२) चा घन होतो ७ + ५√२. जोडीदाराचा घन होतो ७ − ५√२. दोघांची बेरीज केली की वर्गमुळं एकमेकांना खाऊन टाकतात आणि १४ उरतात. हे प्रत्येक घाताला घडतं. म्हणजे पूर्णांक हा दोघांचा मिळून असतो. त्यातला मोठा वाटा एकाकडे आणि चिमूटभर दुसऱ्याकडे. आपल्याला मोठा वाटा दिसतो आणि तो ‘जवळजवळ पूर्णांक’ का आहे याचं नवल वाटतं.

ही जोडी आपण सगळ्यांनी नववीत पाहिलेली आहे. ‘द्विपद करणीची अनुबद्ध जोडी’ या नावाने ती गणिताच्या पुस्तकात येते. √५ + √३ ची जोड √५ − √३. गुणाकार ५ − ३ म्हणजे २. मग छेदाचं परिमेयीकरण, चार गणितं, दोन गुण आणि पुढचा धडा. मला नेहमी वाटतं की शाळेत आपण या जोडीचा उपयोग शिकतो आणि तिची ओळख मात्र राहून जाते. दोन अपरिमेय संख्या, दोघींनाही अंत नाही, आणि त्यांचा गुणाकार होतो नुसता दोन! त्या तासाला वर्गातल्या कुणीतरी उठून ‘असं का?’ विचारायला हवं.

या जोडीचं काम आपल्याकडे फार जुनं आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीची मापं दोरीने आखायच्या रीती आहेत. चौरसाचा कर्ण काढण्यासाठी तिथे सांगितलंय: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग कमी करा. हिशेब केला तर ५७७ भागिले ४०८ येतात. एक मीटर बाजूच्या चौरसाला हे माप लावलं तर कर्णात चूक पडते एका मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकी. आता आपल्या संख्येचा आठवा घात काढा: ५७७ + ४०८√२. तेच दोन आकडे! आणि जोडीदाराचा आठवा घात ५७७ − ४०८√२, म्हणजे अतिशय लहान, म्हणजे ५७७ आणि ४०८√२ जवळपास सारखे. बौधायनाचं उत्तर इतकं बिनचूक का, याचं कारण त्या नजरेआडच्या संख्येत आहे. सूत्रकार त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने पोचले ते सूत्रात लिहिलेलं नाही. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फरक एकाचा.

हा ‘फरक एकाचा’ पुढे मोठा विषय झाला. एखाद्या वर्गाला दिलेल्या संख्येने गुणून त्यात एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग कधी येतो? ६० साठी उत्तर चिमुकलं आहे: चारचा वर्ग सोळा, साठ गुणिले सोळा नऊशे साठ, एक मिळवून ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ साठी आठ घ्या: ३९६८ अधिक एक, ६३ चा वर्ग. मधल्या ६१ साठी काय? सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. त्याचा वर्ग ६१ ने गुणून एक मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. शेजारच्या दोन संख्यांना एक आकडी उत्तर, आणि मधलीला बावीस कोटींच्या वर. फ्रान्सच्या फर्माने १६५७ साली हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान म्हणून घातलं. भास्कराचार्यांनी ते ११५० साली बीजगणितात सोडवून ठेवलं होतं.

आणि ते नुसते धडपडत तिथे पोचले नाहीत. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने ‘भावना’ नावाची रीत दिली होती. चुकलेली दोन उत्तरं घ्यायची आणि त्यांचा तिरकस गुणाकार करून बेरीज घ्यायची, म्हणजे नवं उत्तर तयार होतं. किंवा वजाबाकी घ्यायची, म्हणजे दुसरं. आजच्या लिखाणात पाहिलं तर ही बेरीज आणि ही वजाबाकी म्हणजे एकदा संख्येशी गुणणं आणि एकदा तिच्या जोडीदाराशी गुणणं. ६१ साठी ३९ आणि ५ घेऊन बघा. पाचचा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५. ३९ चा वर्ग १५२१. चार कमी पडले. पण हे कमी पडलेले चारच कामाला येतात: ३९ + ५√६१ च्या निम्म्याचा सहावा घात घेतला की ते महाकाय उत्तर समोर उभं राहतं. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ उभारला. तिथला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणादेवीला दर्शनाला जाणाऱ्याने तो जरूर बघावा.

आता जरा थांबून विचारायला हवं की ही जोडी बनते तरी कशाने. मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे उत्तर. ‘दोनचं वर्गमूळ’ म्हणजे काय? जिचा वर्ग दोन येतो ती संख्या. पूर्णांकांना तिच्याबद्दल एवढंच ठाऊक असतं. पण उणे √२ चाही वर्ग दोनच! पूर्णांकांच्या बेरजा-गुणाकारांतून या दोघांतला फरक कधीच ओळखता येत नाही. त्यामुळे एकाविषयी जे समीकरण खरं ठरतं ते दुसऱ्याविषयीही खरंच ठरतं. समीकरणाने एकाला दार उघडलं की दुसरा आत आलेलाच असतो. वयाच्या विसाव्या वर्षी, १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात मारल्या गेलेल्या एव्हारिस्त गाल्वाने याच जाणिवेवर समीकरणांचं सगळं शास्त्र नव्याने उभं केलं: समीकरणाला आपल्या उत्तरांपैकी कोणकोणती उत्तरं वेगळी ओळखता येत नाहीत, ते आधी बघा.

उणे एकच्या वर्गमुळाची कथा तर याहून चित्तथरारक आहे. सोळाव्या शतकात इटलीत तिसऱ्या घाताची समीकरणं सोडवायचं सूत्र सापडलं आणि कार्दानोने ते १५४५ साली छापलं. एका समीकरणात मात्र ते अडलं: एखाद्या संख्येचा घन हा तिच्या पंधरापटीत चार मिळवल्याइतका आहे, तर ती संख्या कोणती? चार, हे तोंडी सांगता येतं. चारचा घन ६४, पंधरा चोक साठ आणि चार. सूत्रातून मात्र उणे १२१ चं वर्गमूळ निघतं, आणि ऋण संख्येला वर्गमूळ कुठलं? दलदलीच्या जमिनी कोरड्या करण्याचं काम करणारा राफाएल बोंबेल्ली नावाचा अभियंता हिंमत करून पुढे गेला. त्याने ती अशक्य संख्या खरी आहे असं धरून हिशेब चालू ठेवला. (२ + √−१) चा घन त्याने केला. आला २ + ११√−१, म्हणजे सूत्रातला एक तुकडा. जोडीदार (२ − √−१) चा घन हा दुसरा तुकडा. दोघांची बेरीज: दोन आणि दोन, चार. अशक्य भाग एकमेकांत विरून गेले. १५७२ साली छापलेल्या त्याच्या ‘अल्जेब्रा’ या ग्रंथात हे आहे. खऱ्या उत्तरापर्यंत जायची वाट दोन काल्पनिक संख्यांमधून जात होती आणि त्यातल्या एकीला घेऊन ती पार करता येत नव्हती.

गणितातून मराठीच्या अंगणात आलो तरी जोड्या भेटतातच. त्या वेगळ्या जातीच्या आहेत, हे आधी सांगतो. इथे वर्गमुळं नाहीत. पण एक गोष्ट सारखी आहे: दोघांतला एक गप्प असतो तरी त्याचं काम चालू असतं. ‘पाऊस आला तर सामना होणार नाही.’ इथे ‘तर’ आहे, ‘जर’ कुठे गेला? तो कुणी उच्चारला नाही, तरी ऐकणाऱ्याने तो ऐकला. ‘पेरावे तसे उगवते’, ‘करावे तसे भरावे’, यांतला ‘जसे’ पिढ्यान्‌पिढ्या कुणी म्हणत नाही आणि कुणाचं अडतही नाही. जो–तो, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जितका–तितका: मराठी वाक्य या जोड्यांच्या बिजागऱ्यांवर फिरतं. सहसा जोडीतला दुसरा शब्द जागेवर राहतो आणि पहिला मनात राहतो. ‘जर पाऊस आला, सामना होणार नाही’ असं मात्र आपण म्हणत नाही. ऐकणारा थांबून राहील, वाक्य पुरं व्हायची वाट बघत.

आणि काही शब्द तर असे आहेत की जोडीबाहेर त्यांचा जन्मच नाही. ‘गोडधोड’ मधला ‘धोड’ एकटा कुठे भेटलाय? ‘शेजारीपाजारी’ मधले पाजारी कुठल्या मजल्यावर राहतात? ‘उरलंसुरलं’, ‘ओबडधोबड’, ‘किडूकमिडूक’. व्याकरण याला अभ्यस्त शब्द म्हणून बाजूला काढतं, पण त्यांची करामत बघा. ‘घरात गोड काही आहे का?’ या प्रश्नाला गुळाचा खडाही चालतो. ‘सणाला गोडधोड केलं’ म्हटलं की पुरणपोळी, खीर, करंज्या असं सगळं ताट डोळ्यांपुढे येतं. ‘धोड’ला स्वतःचा अर्थ शून्य, आणि तरी त्याने ‘गोड’चा अर्थ रुंद करून टाकला.

क्रियापदाचं तर मला कायम अप्रूप वाटतं. ‘राम आंबा खातो, सीता आंबा खाते’: क्रियापद कर्त्याचा हात धरून चाललंय. आता काळ बदला. ‘रामाने आंबा खाल्ला, सीतेने आंबा खाल्ला.’ राम की सीता, याचं त्याला काहीच नाही. त्याने कर्त्याचा हात सोडला. ‘रामाने चिंच खाल्ली, रामाने पेरू खाल्ले’: आता त्याचा जोडीदार कर्म झालाय. आणि त्या कर्मालाही ‘ला’ चिकटला, ‘रामाने रावणाला मारले’, की क्रियापद दोघांनाही सोडून नपुंसकलिंगी एकवचनात एकटं उभं राहतं. कर्तरी, कर्मणी, भावे. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांत या प्रयोगांचा जो खल आहे, तो कुणाशी कुणाची जोडी जमते याचाच शोध आहे. घरातलं तीन वर्षांचं पोर हे सगळं न चुकता करतं.

स्वयंपाकघरातही अशाच एका जोडीचा प्रयोग होऊन जातो आणि आपण तो डाग म्हणून धुऊन टाकतो. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा पिवळा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लालभडक होतो. मुका मार लागल्यावर हळद-चुन्याचा लेप करतात, तोही लाल. त्या लाल डागावर लिंबू पिळा, परत पिवळा. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणाच्या किंवा चुन्याच्या सहवासात एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं नुसतं केंद्रक, सोडून देतं. लिंबाच्या आंबटपणात ते परत घेतं. पिवळा आणि लाल हे एकाच रेणूचे दोन अवतार आहेत आणि त्यांच्यात अंतर आहे फक्त एका प्रोटॉनचं.

१९२३ साली कोपनहेगनचे ब्रोन्स्टेड आणि केंब्रिजचे लाउरी, दोघांनी एकमेकांना न कळवता हीच गोष्ट आम्लांविषयी मांडली. आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारा. दिल्यावर जे उरतं ते आम्लारी, कारण ते प्रोटॉन परत घेऊ शकतं. म्हणजे जगातल्या प्रत्येक आम्लाला एक जोडीदार आम्लारी आहे. शिवाय त्या दोघांची ताकद एकमेकांच्या उलट. हायड्रोक्लोरिक आम्ल एवढं जहाल की प्रोटॉन हातात ठेवतच नाही. म्हणून त्याचा जोडीदार क्लोराइड इतका निरुपद्रवी की आपण तो मीठ म्हणून पानात वाढतो. एकाच्या उग्रपणातच दुसऱ्याचा मवाळपणा ठरलेला असतो.

अशी एक जोडी हे वाचताना तुमच्या रक्तात काम करतेय. कार्बोनिक आम्ल आणि त्याचा जोडीदार बायकार्बोनेट. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहिला पाहिजे. तो पट्टा सुटला की हृदय, मेंदू, सगळ्यांचंच काम बिघडतं. आणि शरीर तर दिवसभर आम्ल तयार करत असतं: श्वासातून जाणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्लच होतो. हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये दाखवलं की रक्ताचा आंबटपणा या दोघांच्या निव्वळ प्रमाणावर ठरतो, एकेकट्याच्या मात्रेवर नाही. पुढे डेन्मार्कच्या हॅसेलबाल्ख यांनी ते समीकरण लॉगरिदममध्ये बसवलं. हिशेब एका ओळीचा आहे. दोघं समसमान असते तर पीएच ६.१ आला असता. निरोगी रक्तात बायकार्बोनेट आम्लाच्या वीसपट असतं. वीसचा लॉगरिदम १.३. सहा पूर्णांक एक आणि एक पूर्णांक तीन, सात पूर्णांक चार. तुमच्या-माझ्या रक्ताचा आकडा!

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. प्रयोगशाळेच्या नियमाने बघितलं तर ही जोडी रक्तासाठी तशी बेताचीच. जोडीदार समसमान असतात तेव्हा त्यांची पकड सर्वांत पक्की असते, आणि इथे एकास वीस असा तोल आहे. मग शरीराने हिलाच का धरलं? कारण या जोडीतल्या प्रत्येकाला एकेक अवयव सांभाळतो. आम्लाची बाजू फुप्फुसांकडे: दोन-चार श्वास खोल घेतले की कार्बन डायऑक्साइड बाहेर. बायकार्बोनेटची बाजू मूत्रपिंडांकडे: ती तास-दिवसांच्या गतीने त्याचं प्रमाण वाढवतात किंवा घटवतात. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या रुग्णाला कधीकधी धाप लागल्यासारखे खोल, भरभर श्वास लागतात. रक्तात आम्लं साचून बायकार्बोनेट खर्ची पडलेलं असतं, आणि छाती जिवाच्या आकांताने दुसऱ्या बाजूचं आम्ल बाहेर फेकून तेच प्रमाण राखायला बघत असते. अनुभवी डॉक्टर तो श्वास बघूनच रक्तात काय चाललंय ते ओळखतात.

पुन्हा त्या वर्गमुळाकडे जाऊ, कारण त्यातून विसाव्या शतकातला एक सर्वांत मोठा शोध निघाला. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेत ऊर्जेचं जे समीकरण येतं त्यात ऊर्जेचा वर्ग असतो. वर्ग म्हटला की उत्तरं दोन, एक धन आणि एक ऋण. ऋण ऊर्जेला अर्थ काय, म्हणून तिच्यावर काट मारायची पद्धत होती. केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं समीकरण लिहिलं आणि त्यातही तो नकोसा जोडीदार आला. डिरॅकना तो टाकवेना. आधी त्यांनी प्रोटॉनलाच तिथे बसवून बघितलं. जमेना, कारण जोडीदाराचं वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढंच असायला हवं होतं आणि प्रोटॉन त्याहून सुमारे १८०० पट जड. मग १९३१ मध्ये त्यांनी सरळ लिहिलं की कुणी कधी न पाहिलेला एक कण असला पाहिजे: वजन इलेक्ट्रॉनचं, विद्युतभार उलटा.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९३२ मध्ये, कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांनी त्याचा फोटो काढला. अंतराळातून येणाऱ्या किरणांच्या वाटा बाष्पाने भरलेल्या पेटीत उमटतात. पेटी चुंबकात ठेवली की भार असलेल्या कणांची वाट वाकते. एक वाट इलेक्ट्रॉनसारखीच बारीक होती, फक्त वळण उलट. पण खालून वर जाणारा धन कण आणि वरून खाली येणारा ऋण कण, दोघांचं वळण दिसायला सारखंच. कण कुठून कुठे गेला हे कळल्याशिवाय काही ठरत नव्हतं. अँडरसननी पेटीत मधोमध सहा मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता. त्यातून पार होताना कण मंदावतो आणि मंद कण जास्त वळतो. फोटोत पत्र्याच्या वरच्या बाजूला वळण जास्त होतं. म्हणजे कण खालून वर गेला होता. म्हणजे त्याचा भार धन होता. कागदावर नको असलेल्या उत्तराला नाव मिळालं, पॉझिट्रॉन.

इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आले की दोघंही नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी गॅमा किरणांचे दोन कण निघतात, प्रत्येकी ५११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, अगदी विरुद्ध दिशांना. कॅन्सरच्या रुग्णाला जी पेट स्कॅनची तपासणी लिहून देतात ती यावरच चालते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ती २००२ पासून होते. रुग्णाला टोचतात ती साखरच असते, फक्त तिच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं असतं. ते सुमारे ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे बनवल्यावर वाटेत फार वेळ घालवून चालत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशी साखर जास्त ओढतात, फ्लोरिन तिथे साठतं आणि पॉझिट्रॉन सोडत राहतं. तो मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातो न जातो तोच त्याला शरीरातला एखादा इलेक्ट्रॉन भेटतो.

रुग्णाभोवती संवेदकांचं कडं असतं. एका संवेदकावर चमक उमटली की यंत्र बघतं, काही अब्जांश सेकंदांच्या आत समोरच्या बाजूला दुसरी चमक उमटली का? उमटली असेल तर ती जोडी जमा होते आणि दोन संवेदकांना जोडणारी रेषा आखली जाते. जोड नसलेली चमक यंत्र मोजतच नाही, कारण एका चमकेवरून ती कुठून आली ते कळायला मार्ग नाही, दोन मिळून मात्र रेषा देतात. अशा लाखो रेषा जिथे एकमेकींवर दाटतात तिथे पडद्यावर उजळ ठिपका येतो, आणि डॉक्टर पहिली तपासणी तिथे करतात.